एक फूट सोडून

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी त्र्यंबकराव वीस मिनिटं टेपचं टोक भिंतीला दाबून उभे होते, आणि टेपच्या दुसऱ्या टोकाला त्यांची बायको जमिनीवर पडलेली होती. हे त्यांना माहीत नव्हतं. मध्ये लाकडी भिंत होती.

टेप सैल पडला तेव्हा त्यांना वाटलं, शैलजा आकडा लिहून घेते आहे. मग वाटलं, पेन्सिलीला टोक करत असेल. मग वाटलं, मुद्दाम करते आहे. सकाळपासून दोघांचा अबोला होता, आणि अबोल्यात जो आधी बोलेल तो हरला, हा त्यांच्या घरचा अडतीस वर्षांचा नियम. हाक मारली असती तर ते हरले असते. म्हणून त्यांनी हाक मारली नाही.

खाली पलीकडचं दार वाजलं आणि थोड्या वेळानं रूथ ओरडली. रूथ म्हणजे त्या जुन्या प्रार्थनाघराची देखभाल करणारी, ऐंशीच्या घरातली बाई. तिचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता. त्र्यंबकरावांनी टोक सोडलं. जिना उतरून, बाहेर अंगणात येऊन, वळसा घालून ते दुसऱ्या दारानं आत शिरले आणि दुसरा जिना चढले. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला तिथे एवढाच रस्ता होता. शैलजा वरच्या गॅलरीत शेवटच्या बाकापाशी कुशीवर पडली होती.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, त्यातच त्या गेल्या. त्र्यंबकरावांनी विचारलं, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. हे वाक्य त्र्यंबकरावांनी पुढे सहा महिने उलटंपालटं करून पाहिलं. त्यातून बाहेर पडायला वाट सापडली नाही.

प्रार्थनाघर क्वेकर लोकांचं होतं. वेस्ट विंडसरमधल्या त्यांच्या घरापासून गाडीनं पंचवीस मिनिटांवर, मक्याच्या शेतांपलीकडे, अडीचशे वर्षांचं. हे लोक ख्रिस्ती, पण इंग्लंडातल्या सरकारी चर्चपासून फुटून निघालेले. त्यांना पाद्री नाही, वेदी नाही, मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत, क्रूससुद्धा नाही. जाड दगडी भिंती, आतून पांढरा गिलावा, साधी बाकं. रविवारी येतात, तासभर गप्प बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर उठून सांगतो, नाहीतर सगळे तसेच घरी जातात. त्र्यंबकराव पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले होते, "हे बरंय. आरती लांबत नाही."

"हळू बोला," शैलजा म्हणाली होती. "इथे सगळं ऐकू जातं."

इमारतीला पुढून दोन दारं. पूर्वी एकातून पुरुष जात, दुसऱ्यातून बायका. आत मधोमध लाकडी फळ्यांची भिंत, खालपासून वर गॅलरीच्या छतापर्यंत. तिच्यातली मोठी झडप वर ओढून घेतली की दोन्ही बाजू एक होत, खाली सोडली की दोन वेगळ्या खोल्या. ओढायचा दोर फार वर्षांपूर्वी तुटला, आणि तेव्हापासून भिंत बंदच होती. वर गॅलरीत तिला मधोमध एक हातभर खिडकी तेवढी होती, एका बाजूचा निरोप दुसऱ्या बाजूला द्यायला.

या इमारतीचं एकही ड्रॉइंग कधी झालं नव्हतं. बांधणाऱ्या सुतारांनी ती नजरेनं आणि दोरीनं बांधली. छप्पर गळायला लागलं तेव्हा दुरुस्तीआधी सगळ्या इमारतीची मापं घेऊन नकाशे करायचे ठरले, आणि रूथनं लायब्ररीत चिठ्ठी लावली. शैलजा त्याच लायब्ररीत काउंटरवर बसायची. तिनं ती चिठ्ठी लावल्या लावल्या काढून पर्समध्ये टाकली, दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून.

पुण्यात ती सहा वर्षं एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होती. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आली, तेव्हा पहिली नऊ वर्षं तिला काम करायची परवानगी नव्हती. मग मुलगा देवदत्त शाळेत, मग लायब्ररी. आणि आता साठी उलटल्यावर, एक आख्खी इमारत.

मापं घ्यायला दोन माणसं लागतात. एक टोक धरतो, दुसरा वाचतो. त्र्यंबकरावांची सगळी नोकरी पिस्कॅटवेजवळच्या बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी खात्यात गेली होती. हजारांश इंचात मोजणारा माणूस, पण इथे त्यांच्याकडे टोक आलं.

"वाचायचं काम मी करतो," ते पहिल्या दिवशी म्हणाले.

"तुम्ही धरा. वाचलं की लिहावं लागतं, आणि तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नाही."

टेप शंभर फुटी, कापडासारखा. दुसऱ्याच महिन्यात त्याच्या टोकाची पितळी कडी तुटली आणि पहिले दोन-चार इंच उभे फाटले. त्र्यंबकराव म्हणाले, नवा घेऊ. शैलजा म्हणाली, कशाला, चांगला हाताशी बसलाय, तुम्ही एक फूट सोडून धरा. म्हणजे टोक भिंतीला न लावता एक फुटाची खूण भिंतीला लावायची. ती आकडा वाचायची आणि एक फूट वजा करून वहीत लिहायची. लांबून ओरडावं लागू नये म्हणून खुणा ठरल्या. एक हिसका म्हणजे ताणून धरा. दोन हिसके म्हणजे झालं, सोडा. तीन हिवाळे असे गेले. अबोला असला तरी काम अडायचं नाही, कारण टेपवरून बोलणं चालू असायचं.

त्या मंगळवारचं भांडण शुगर लँडवरून झालं. देवदत्तनं टेक्सासात शुगर लँडला घर घेतलं होतं, खाली आईबाबांची खोली धरून. त्र्यंबकरावांना जायचं होतं. त्यांच्या डोळ्यांमुळे गाडी बंद झालेली, शेजारी बोलायला कुणी नाही, वेस्ट विंडसरच्या घरात ते कोंडल्यासारखे झाले होते. शैलजा म्हणाली, हे पुरं होऊ दे.

"तुझं पुरं होत नाही, मी मात्र पुरा होतोय."

"व्हा मग," ती म्हणाली, आणि तिथून अबोला सुरू झाला.

रागाच्या भरात त्यांनी टेप घेतला आणि फाटकं टोकच सरळ पश्चिमेच्या, फळ्या ठोकलेल्या भिंतीला लावलं. सगळी मापं त्या भिंतीपासून घ्यायची होती. पहिली खिडकी, दुसरी खिडकी, जिना. चौथ्या मापाला, मधल्या लाकडी भिंतीपर्यंतच्या, त्यांचं लक्ष गेलं की आपण एक फूट सोडलेलं नाही. म्हणजे ती प्रत्येक आकड्यातून उगाच एक फूट कमी करते आहे.

चौथं माप झाल्यावर शैलजानं टेपची चकती निरोपाच्या खिडकीतून पलीकडे ठेवली आणि वळसा घालून बायकांच्या बाजूला जायला निघाली. ती त्यांच्या अगदी अंगाजवळून गेली. वही छातीशी धरलेली. तेव्हा सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे आधी बोलायचं. त्र्यंबकरावांनी ठरवलं, संध्याकाळी चहाला ती बोलेल, तेव्हा सांगू. पुढची सहा मापं त्यांनी तशीच धरली, तेच टोक, म्हणजे निदान चूक तरी सगळीकडे सारखी राहील. दहावं माप भिंतीपासून भिंतीपर्यंत, सगळ्या गॅलरीची लांबी. दोन हिसके आले. अकरावं माप कर्णाचं होतं, पश्चिमेच्या एका कोपऱ्यातून खिडकीमधून पूर्वेच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत. एक हिसका आला. त्यांनी ताणून धरलं. मग टेप सैल पडला.

हिवाळा गेला. देवदत्त दर रविवारी फोन करायचा. "बाबा, लिसन, घर विकायला लिस्ट केलंय. एप्रिलमध्ये व्यवहार क्लोज होईल. तुम्ही फक्त बॅग भरा."

"भरतो."

"मागच्या वीकमध्येही भरतो म्हणालात."

घरात खोकी रचलेली होती. शैलजाची वही त्यांनी चैत्रालीला देऊन टाकली होती. चैत्राली मूळ नागपूरची, इथल्या विद्यापीठात जुन्या इमारतींच्या जतनाचा अभ्यास करणारी. शैलजाची मापं कॉम्प्युटरवर काढून नकाशे पुरे करायचं काम तिनं मागून घेतलं होतं. ते काउंटीच्या संग्रहात जाणार होते, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात शैलजाचं नाव घालून. तीस वर्षांत या देशात तिचं नाव कुठल्या ड्रॉइंगवर आलं नव्हतं. त्र्यंबकरावांना वाटलं, एक फूट इकडेतिकडे, कुणाला कळतंय.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चैत्राली लॅपटॉप घेऊन घरी आली. चप्पल काढायचंही तिला सुचलं नाही.

"काका, बसा ना आधी. हे बघा. बाहेरून इमारत साठ फूट चार इंच. दोन्हीकडच्या भिंती वीस-वीस इंच. म्हणजे आत सत्तावन्न फूट राहायला हवेत. खाली बरोब्बर सत्तावन्न आहेत. आणि वर गॅलरीत काकूंनी किती लिहिलेत? छप्पन!"

त्र्यंबकरावांनी चहाचं आधण ठेवलं. पाठ तिच्याकडे राहील असं.

"चूक झाली असेल," ते म्हणाले.

"काकूंची? काहीतरीच! तीन वर्षांत एक आकडा चुकला नाहीये. आणि एखादं माप चुकलं असतं काका, सगळी कशी चुकतील? प्रत्येक खिडकी एक्झॅक्टली एक फुटानं सरकलीये. याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? वर पश्चिमेला ती फळ्यांची भिंत आहे ना, तिच्या मागे पोकळी आहे. एक फुटाची. बंद केलेली! मी ठोकून पण पाहिलं, पोकळ वाजतं यार."

फळ्या पट्ट्यांवर ठोकलेल्या असतात, त्या पोकळच वाजणार. हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "साखर किती?"

आठवडाभरात ही बातमी सगळ्या सभासदांना कळली. क्वेकर लोक एके काळी दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना लपवत असत, हे त्यांच्या मुलांनासुद्धा पाठ होतं. तिथे कुणी लपलं असेल का? एका फुटात माणूस मावेल का? बारीक माणूस मावेल. निदान कागद तरी ठेवले असतील. रूथनं स्वतः फोन केला. ती कधी लांबण लावत नसे, पण त्या दिवशी बोलतच राहिली. शनिवारी सुतार येऊन दोन फळ्या काढणार होता. "ज्या खोलीची आम्हाला अडीचशे वर्षं माहिती नव्हती, ती तुमच्या बायकोनं शोधली," रूथ म्हणाली. "तुम्ही पुढच्या बाकावर बसायचं."

"माझं रविवारचं विमान आहे."

"म्हणून तर शनिवार ठेवला."

फोन ठेवून त्र्यंबकराव दिवाणखान्यात खोक्यांच्या मधोमध उभे राहिले. सांगावं, तर शैलजाच्या नावानं लागलेला शोध जाणार. आणि लोक विचारणार, तुम्हाला कळलं होतं तर तेव्हाच का नाही सांगितलं? मग अबोला सांगावा लागणार. मग वीस मिनिटं. न सांगावं, तर त्या फळ्या फुटणार. शैलजानं त्या फळ्यांचं पानभर वेगळं चित्र काढलं होतं, एकेक खिळा दाखवून, हातानं घडवलेला, चौकोनी डोक्याचा. एकदा ती म्हणाली होती, "हे खिळे उपटले की फळी उभी चिरते. परत बसत नाही." आणि फळ्यांमागे काय निघणार? दगड. मग सगळे शैलजाच्या वहीकडे बघणार.

त्यांनी दोनदा चैत्रालीचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला.

शनिवारी ती न्यायला आली. गाडीत म्हणाली, "काका, नवा शर्ट? पेपरवाले येणारेत म्हणून का?"

"इस्त्रीचा एवढाच राहिलाय. बाकीचे खोक्यात."

"काकू असत्या तर त्यांनी टाय लावायला लावला असता."

"त्यांना माहीत होतं, मला गाठ येत नाही."

गॅलरीत पुरुषांच्या बाजूला वीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. सुतारानं पश्चिमेच्या भिंतीपाशी फडकं पसरून त्यावर पहारी मांडल्या होत्या. बारीक पहार, मोठी पहार, खिळे कापायची करवत. त्र्यंबकरावांना पहिल्या बाकावर बसवलं. त्यांच्या डाव्या हाताला तो कोपरा होता जिथे ते ऑक्टोबरात उभे होते.

रूथ म्हणाली, सुरुवात नेहमीसारखी करू. म्हणजे गप्प बसून.

सगळे गप्प बसले. कुणी डोळे मिटले, कुणी हात मांडीवर ठेवले. सुताराला याची सवय नव्हती, तो टोपी हातात फिरवत राहिला. पाच मिनिटं झाली असतील. पुढे भिंत, मागे माणसं, बाजूला जिन्यापर्यंत गुडघेच गुडघे. उठून जायचं म्हटलं तरी दहा जणांना उठवावं लागलं असतं. आणि ही शांतता त्यांच्या ओळखीची होती. सगळे वाट बघत होते, आणि जो आधी बोलेल तो हरणार होता.

रूथनं डोळे उघडून सुताराकडे पाहिलं. सुतारानं बारीक पहार उचलली.

त्र्यंबकराव उभे राहिले. "तिथे खोली नाही," ते इंग्रजीत म्हणाले.

पहार तशीच राहिली. या लोकांत उठून बोलणाऱ्याला मध्येच तोडत नाहीत.

"टेप तुटका होता. एक फूट सोडून धरायचा होता. मी सोडला नाही. तिनं बरोबर वाचलं, मी चुकीचं धरलं. चूक माझी आहे. तिची नाही." मग त्यांचं इंग्रजी संपलं. ते मराठीत म्हणाले, "चैत्राली, टेप आण."

"काका..."

"गाडीत तुझ्या पिशवीत आहे. मी पाहिलाय. आण."

ती गेली आणि आली. लोकांनी बाकं सरकवून वाट करून दिली. त्र्यंबकरावांनी तिला कोपऱ्यात उभं केलं आणि एक फुटाची खूण दाखवली. "ही भिंतीला. टोक नाही, ही. एक हिसका, ताणून धर. दोन हिसके, सोड."

चकती त्यांनी निरोपाच्या खिडकीतून पलीकडे ठेवली, जिना उतरले, अंगणातून वळसा घातला, दुसरा जिना चढले. शेवटच्या बाकापाशी त्यांचे पाय थांबले. मग ते बाक ओलांडून पूर्वेच्या भिंतीला टेकले आणि एक हिसका दिला. टेप ताठ झाला. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. अठ्ठावन्न. एक वजा. दोन हिसके दिले.

"सत्तावन्न!" ते खिडकीतून ओरडले. त्या घरात इतक्या मोठ्यानं ओरडलेलं हे दुसऱ्यांदा.

पलीकडे बाकं करकरली. कुणीतरी निःश्वास टाकला. सुतार पहारी फडक्यात गुंडाळायला लागला, ते लोखंडाच्या आवाजावरून कळलं. हळूहळू माणसं खाली उतरली. अंगणात गाड्या सुरू झाल्या. ज्यांना वळसा घालून परत येताना जिन्यात त्र्यंबकराव भेटले त्यांनी त्यांचा हात हातात घेतला आणि सोडला. पेपरवाली मुलगी नोंदवही बंद करून गेली.

रूथ राहिली. ती बाकावर बसून बराच वेळ फळ्यांकडे बघत होती.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"त्याच दिवसापासून."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

अबोल्याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी पुढची वीस मिनिटं सांगावी लागली असती. ते म्हणाले, "आमचं थोडं वाजलं होतं."

रूथनं मान हलवली. "माझा नवरा एकदा अकरा दिवस बोलला नव्हता. आणि आम्ही तर गप्प बसण्यात तरबेज." ती उठली. "फळ्या वाचल्या." तिला वाईट वाटलं होतं, ते तिनं लपवलं नाही. जिन्यावरून ती कठड्याला धरून उतरली.

चैत्राली कोपऱ्यातच उभी होती, टेपचं टोक हातात. "काका, मला एकदा तरी सांगायचं ना यार. मी सगळ्यांना मेल केलेत. प्रोफेसरांना पण."

"हो."

"काकू हसल्या असत्या."

"नाही हसल्या असत्या. आठ दिवस बोलल्या नसत्या."

यावर ती स्वतःच हसली, मग डोळे पुसले. वही उघडून म्हणाली, "चला. तो दिवस आख्खा परत घेऊ. दहा मापं आहेत. तुम्ही वाचा, मी धरते."

त्यांनी पहिल्यापासून घेतली. पहिली खिडकी, दुसरी खिडकी, जिना. लिहायला मात्र चैत्राली प्रत्येक वेळी धावत यायची, कारण त्र्यंबकरावांचं अक्षर तिला लागेना. शैलजाच्या आकड्यावर एक रेघ, शेजारी नवा आकडा. रेघ मारताना ते दरवेळी "हळू" म्हणायचे. दहावं माप लिहून झालं तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून ऊन खाली बाकांवर आलं होतं. दहाव्या ओळीखाली शैलजाच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "११. कर्ण." पुढे टिंबं, आणि मग काही नाही.

"काका, अकरावं? पाच मिनिटांचं काम आहे. मी या कोपऱ्यात धरते, तुम्ही पलीकडे जा."

पलीकडचा कोपरा म्हणजे शेवटच्या बाकाची ती जागा. तिथे जाऊन हिसका द्यायचा, आणि टेप ताठ झाला की आकडा लिहायचा. त्र्यंबकरावांनी निरोपाच्या खिडकीतून तिकडे पाहिलं. पलीकडची गॅलरी रिकामी होती, बाकं ओळीनं लावलेली.

"आज नको," ते म्हणाले.

"उद्या तर तुम्ही चाललात."

"हो."

तिनं टेप गुंडाळला. गाडीत बसल्यावर देवदत्तचा फोन आला. तो म्हणाला, "बाबा, बॅग भरली ना? कसा झाला प्रोग्रॅम? आईची रूम सापडली का?" त्र्यंबकराव म्हणाले, "नाही. ती नव्हतीच. भेटलास की सांगतो."

रविवारी ते मुलाकडे जायला ह्यूस्टनच्या विमानात बसले. सोमवारी चैत्रालीनं नकाशे संग्रहाकडे पाठवले. गॅलरीच्या पानावर शैलजाचं नाव आहे, खाली लहान अक्षरात लिहिलं आहे की पश्चिमेच्या भिंतीपासूनची दहा मापं पुन्हा घेतली. देवदत्तला अजून काही सांगितलेलं नाही. कर्णाचं माप घ्यायचं राहिलं आहे.